सूचना : गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या भेटीआधी एवढं करा

सामाजिक उद्योजकता अभ्यासगटाच्या सर्व सदस्यांसाठी : रविवारी सत्तरीतल्या बचतगटाकडे जाण्याआधी सोलांचा (कोकमाच्या सुकवलेल्या सालींचा) हिशेब कागदावर मांडून आणा. घोळ बहुधा एकाच जागी होतो. कोकमं फोडणं, साली आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, बुडवून पुन्हा पुन्हा सुकवणं ही बायकांची मेहनत कुणी खर्चात धरत नाही आणि नफा उगाच फुगतो. समजा, 200 ग्रॅमचं पाकीट 120 रुपयांना, मजुरीसकट खर्च 80, राहिले 40. महिन्याचा ठरावीक खर्च 6000 असेल तर 150 पाकिटं खपली की ना नफा ना तोटा. वजन सुकल्यावरचं घ्या, ओल्या सालींचं नव्हे.

संस्थेचा प्रकारही ठरवून या. कलम 8 कंपनीला, म्हणजे कंपनी कायद्यातल्या त्या कलमाखालच्या सेवाभावी कंपनीला, नफा सभासदांत वाटता येत नाही. बायकांना लाभांश द्यायचा तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी (माल बनवणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी) बघा.

‘किती जणींना प्रशिक्षण दिलं’ हा आकडा अहवालात शोभतो, बदल मात्र सांगत नाही. पैसे कोणाच्या खात्यात येतात, खर्चाचा निर्णय कोण घेतं, हे पहिल्याच भेटीत नोंदवा. नाहीतर वर्षानंतर तुलना कशाशी करणार? प्रश्न कोंकणीतून विचारा, आणि घरच्या पुरुषांसमोर नको.