ताई, तुम्ही वही पालथी ठेवलीत त्याबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडून आल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. निघताना तोंडातून नुसतं "थँक्यू" निघालं, तेवढ्याने माझं समाधान होईना. उघड पत्र लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते घरी बिअर बनवणाऱ्या इतरांनाही कळायला हवं.

हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, वाणांतला फरक समजून घ्यायला मी आधी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी माझ्या हाती विशेषणं ठेवली. कॅस्केड म्हणजे ग्रेपफ्रूट, सिम्को म्हणजे पाइन, साझ म्हणजे मसालेदार. पाठ करायचं आणि ग्लासात तेच शोधायचं. एकाने साझची पिल्सनर आणि सिट्रा या वाणाची आयपीए अशा दोन वेगळ्याच प्रकारच्या बिअर शेजारी ठेवून "बघ फरक" म्हटलं. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वेगळं, यीस्ट वेगळं, कडवटपणा वेगळा. यात हॉप्सचा वाटा किती, असं विचारलं तर म्हणे नाक तयार व्हायला वर्षं लागतात. दुसऱ्याने दिमाखात उघडलेल्या पाकिटाला चक्क जुन्या चीजचा वास होता. हवा लागून जुनाट झालेल्या हॉप्समध्ये आयसोव्हॅलेरिक ॲसिड तयार होतं, त्याचा तो वास. मला मात्र सांगितलं, हा या वाणाचाच गुण! त्यांना माहीत नव्हतं याचा राग नाही. स्वतःचं अज्ञान झाकायला शिकणाऱ्याचं नाक खोटं ठरवलं, तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, एकच केलात, यीस्ट एकच, कडवटपणाही सगळीकडे सारखा. वाण बदलले ते फक्त शेवटी, ड्राय हॉपिंगला, म्हणजे हॉप्स न उकळता बिअरमध्ये भिजत घालताना. कारणही सांगितलंत. साझमध्ये कडवटपणा देणारं आल्फा ॲसिड साधारण 3 ते 4 टक्के आणि सिट्रामध्ये 11 ते 13; दोन्ही सारख्या वजनाने उकळले की जीभ कडवटपणातच अडकते, आणि मिर्सीनसारखी सुगंधी तेलं तर वाफेबरोबर निघून जातात. इतकं सरळ उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं.

पण आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. ग्लासांवर नुसते आकडे होते. तुम्ही आधी हुंगलंत, चाखलंत, लिहिलंत आणि वही पालथी ठेवलीत. माझं लिहून होईपर्यंत अवाक्षर काढलं नाहीत. मी एकेका ग्लासापाशी किती रेंगाळलो! तुम्ही घाई केली नाहीत, भुवईसुद्धा हलू दिली नाहीत. एका ग्लासात मला लिंबाच्या सालीखाली कांद्याची पुसट छटा लागली. दुसरीकडे कुठे असतो तर लिहायची हिंमत झाली नसती. तुमच्यासमोर लिहिलं. मग तुम्ही वही उलटलीत, तर तिथेही कांदा! तो सिट्रा होता. उशिरा तोडणी झालेल्या सिट्रात गंधकयुक्त संयुगं वाढतात आणि हा वास येऊ शकतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. माझं नाक बरोबर होतं, हे मला आधी कळलं होतं. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं, ते तुम्ही पाहिलं असेलच.

कॅस्केडला आपलं जमलं नाही. तुमच्याकडे ग्रेपफ्रूट, माझ्याकडे फुलं. तुम्ही माझं खोडलं नाहीत. या वाणात दोन्ही असतं, ज्याच्या नाकाला जे आधी भिडेल ते, म्हणालात. फगलच्या ग्लासापुढे मी ओली माती आणि लाकूड लिहिलं होतं, नेल्सन सोविनपुढे पांढरी वाइन. नावं उघडल्यावर तुम्हाला माझ्याहून जास्त आनंद झाला.

एवढं ठाऊक असलेल्या माणसाला गप्प बसणं किती जड जात असेल! मी तरी असं बसलेलं फार कमी जणांना पाहिलंय. समोरच्याला कमी न लेखता शिकवणारी तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून हा छंद सोडावासा वाटत नाही.

आता मोझॅक आणि सिम्को शेजारी लावायचे आहेत. मोझॅक ही सिम्कोची लेक, 2012 साली बाजारात आलेली; आईचा पाइन तिच्यात कितपत उतरलाय ते हुंगून बघायचंय. बिअर तयार झाली की कळवतो. तुम्ही याल ना?

तुमचा कृतज्ञ,
एक शिकाऊ