बेरजेत न दिसणारे

नौपाडा, ठाणे

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

गणपतीत वाईला आले असताना बाबांनी विचारले होते, की मुलांचे गुण मोजायला सॉफ्टवेअर कशाला हवे, बेरीज पुरत नाही का. पाहुण्यांच्या गडबडीत उत्तर राहून गेले, ते आज लिहिते आहे.

बाबा, सोप्या पेपरातले तीस गुण आणि अवघड पेपरातले तीस गुण बेरजेत सारखेच दिसतात. डेन्मार्कचे गणितज्ञ जॉर्ज राश यांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीत मुलाची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्यमूल्य एकाच मापपट्टीवर बसतात. दोन्ही समान असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी, आणि क्षमता एका एककाने जास्त असेल तर सुमारे ७३ टक्के. दोन्हींपैकी काहीच आधी ठाऊक नसल्यामुळे आमचा प्रोग्रॅम एकाचा अंदाज धरून दुसरे काढतो, मग पहिले सुधारतो, आणि आकडे स्थिरावेपर्यंत हेच करत राहतो.

यात माझीही एक चूक झाली. सगळी उत्तरे बरोबर असलेल्या एका मुलीची क्षमता माझा प्रोग्रॅम वाढवतच राहिला, कारण तिला अडवणारा प्रश्नच त्या पेपरात नव्हता. ऐरोलीच्या ऑफिसमधून ठाण्याची लोकल पकडली तरी तेच डोक्यात होते. शेवटी संपूर्ण गटातल्या मुलांच्या क्षमता किती पसरलेल्या आहेत हे हिशेबात घेतले, तेव्हा तिचा आकडा थांबला.

आई, एक गोष्ट तुला नक्की आवडेल. ३/४, ५/८, २/३ आणि ७/१२ यांतला सर्वांत मोठा अपूर्णांक कोणता, या प्रश्नाचा आलेख मुलांच्या क्षमतेबरोबर चढण्याऐवजी उलटा उतरत होता. म्हणजे एरवी चांगली उत्तरे देणारी मुले इथे चुकत होती आणि कच्ची मुले बरोबर ठरत होती. पाहिले तर उत्तरसूचीतच ३/४ ऐवजी ७/१२ पडले होते. अंक मोठे म्हणून अपूर्णांक मोठा, ही चौथीच्या वर्गात तू रोज खोडत असलेली समजूत त्या सूचीमुळे गुण मिळवत होती, आणि ज्यांना खरोखर समजले होते त्यांचा गुण जात होता. तो गुण त्यांना परत मिळाला, याचे मला फार समाधान आहे.

बाबा, तुमच्या घटक चाचण्यांच्या वह्यांत तुम्ही प्रश्नवार गुण लिहीत होता. माळ्यावर त्या अजून असतील, तर दिवाळीला येताना दोन-तीन घेऊन या. तुमच्या प्रश्नांचे आलेख आपण एकत्र बसून काढू.

तुमची लेक