तेच तेच प्रश्न

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सूनबाईबद्दल म्हणालास, "बाबा, समुपदेशनाची चार सेशन झाली. दर वेळी तेच. मी चुकलो म्हणतो, ती रडते, परत तेच तेच प्रश्न. अजून किती वेळा माफी मागायची?" मी त्यावर काही बोललो नाही, कारण जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. हे पत्र तुझ्या आईने वाचलं आहे. पुढे जे लिहितोय ते तिला विचारूनच लिहितोय.

तू नऊ वर्षांचा होतास. त्या वर्षी आई तुला घेऊन दोन महिने मामाकडे राहिली होती, आजीला बरं नाही असं तुला सांगितलं होतं. आजी ठणठणीत होती. आज तुझं अफेअर उघड झालंय, तसंच तेव्हा माझं अफेअर होतं. आठ महिने चाललं होतं ते. आईला कळलं तेव्हा मी "दोन-तीनदा भेटलो, बस्स" एवढंच कबूल केलं. बाकीचं सांगून तिला आणखी दुखवायचं कशाला, असं स्वतःला समजावलं. खरं तर मी स्वतःलाच वाचवत होतो. चार महिन्यांनी बँकेच्या पासबुकातल्या एका नोंदीवरून उरलेलं बाहेर आलं. पहिल्या वेळी ती रडली होती. दुसऱ्या वेळी रडली नाही. त्यानंतर मी खरं बोललो तरी ते तिला तपासून घ्यावं लागायचं.

म्हणून आधी एकच विचारतो, आणि उत्तर मला नको, सूनबाईला दे. तू सगळं सांगितलं आहेस का?

गेले तीन महिने मी या विषयावर जे मिळेल ते वाचतोय. अमेरिकेत अँड्र्यू ख्रिस्तेन्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर कुरबुरी असलेल्या 134 जोडप्यांना थेरपी दिली आणि ती संपल्यावर पुढे पाच वर्षं त्यांची माहिती ठेवली. त्यात अफेअर झालेली जोडपी 19 होती. ज्यांचं अफेअर थेरपीच्या आधी किंवा थेरपीत उघड झालं होतं, त्यांच्यातले 43 टक्के पाच वर्षांत वेगळे झाले. ज्यांनी ते लपवूनच थेरपी घेतली, त्यांच्यातले 80 टक्के. जोडपी मोजकीच होती, तेव्हा या आकड्यांवर फार इमले बांधू नकोस. पण उघड झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जोडपी टिकली, हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

सांगायचं म्हणजे एका रात्री तावातावात सगळं ओकून टाकायचं असं नाही. समुपदेशकांना आधी सांग की अजून काही सांगायचं राहिलंय, आणि कसं सांगायचं ते त्यांच्याबरोबर ठरव. कोण, कधीपासून, किती काळ, आता पूर्ण थांबलंय का, तिच्या तब्येतीला काही धोका आहे का, हे तिला कळायलाच हवं. (तपासणी करून घेतली नसशील तर या आठवड्यात करून घे. लाजू नकोस.) शय्येवरचे तपशील मात्र तिने विचारले तरी समुपदेशकांसमोरच बोला. ती चित्रं एकदा डोक्यात बसली की निघत नाहीत, आणि त्यांनी कळत काहीच नाही.

आता तेच तेच प्रश्नांबद्दल. झोप उडणं, काम करता करता मध्येच ते सगळं डोळ्यांसमोर येणं, फोन वाजला की दचकणं, हे ती मुद्दाम करत नाही. मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसाचं होतं तसंच तिचं झालंय. स्यू जॉन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. भावनांवर भर देणारी जोडप्यांची थेरपी त्यांनी 1980च्या दशकात लेस्ली ग्रीनबर्ग यांच्याबरोबर उभी केली. त्या म्हणत, ज्याच्या आधारावर आपण उभे आहोत त्यानेच ऐन गरजेच्या वेळी दगा दिला, तर ती जखम साध्या भांडणासारखी कालांतराने बुजत नाही. दगा देणाऱ्याने त्या वेदनेजवळ थांबायला लागतं. नुसतं "सॉरी" म्हणून दार ओढून घेता येत नाही. ती परत विचारते तेव्हा तिला नवीन माहिती नकोच असते. तू अजून इथेच आहेस ना, हे ती चाचपून बघत असते.

मला हे कसं कळलं ते सांगतो. आम्ही ज्या समुपदेशक बाईंकडे जायचो त्यांनी आईला एक पत्र लिहायला सांगितलं. काय झालं ते नाही, त्याने तुमचं काय झालं ते लिहा, म्हणाल्या. आधी त्यांनी ते स्वतः वाचलं, नुसती शिवीगाळ होती तिथे तिच्याकडून पुन्हा लिहून घेतलं, आणि मग एका सेशनला आईने ते मला वाचून दाखवलं. वहीची तीन पानं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. वाचून झाल्यावर बाई मला म्हणाल्या, "काय ऐकलंत?" मी म्हणालो, "ती खूप चिडली आहे." त्या म्हणाल्या, "नाही. परत ऐका." आईने परत वाचलं. तिसऱ्या वेळी मला एक वाक्य ऐकू आलं. तिने लिहिलं होतं की आपले जुने फोटो आता बघवत नाहीत, कारण कुठल्या फोटोत तू खरा होतास ते कळत नाही. मी तेवढंच वाक्य तिला परत म्हणून दाखवलं. त्या दिवशी प्रथमच तिने माझ्याकडे मान वर करून बघितलं.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की स्नायडर, बॉकम आणि गॉर्डन या तिघा मानसशास्त्रज्ञांनी अफेअरनंतरच्या थेरपीची जी तीन टप्प्यांची पद्धत बसवली आहे, तिच्या पहिल्या टप्प्यात असंच पत्र लिहून घेतात. आधी आघात सावरायचा, मग हे का घडलं त्याचा अर्थ लावायचा, आणि त्यानंतरच पुढे काय ते ठरवायचं. एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं, दोन्ही त्यात आलं. जोडप्यांवर संशोधन करणारे गॉटमन पती-पत्नीही पहिली पायरी प्रायश्चित्ताचीच सांगतात. तू चार सेशनमध्ये थेट शेवटच्या टप्प्यावर जायला बघतोयस. ती अजून पहिल्यात आहे.

"आमच्यातही प्रॉब्लेम होते" असं तू म्हणालास. असतील. त्यावर बोलायची वेळ येईल, पण आत्ता नाही. आणि आली तरी दोन गोष्टींची गल्लत करू नकोस. संसारातल्या उणिवांचे वाटेकरी तुम्ही दोघं, पण ते दार उघडलं तू एकट्याने. शर्ली ग्लास या मानसशास्त्रज्ञांची एक उपमा मला फार पटली. नवरा-बायकोमध्ये खिडकी असावी आणि बाहेरच्यांसाठी भिंत. अफेअरमध्ये उलटं होतं. त्या बाईसाठी तू खिडकी केलीस आणि घरात भिंत घातलीस. आता फोन उघडा ठेवायचा, उशीर होणार असेल तर तिने विचारायच्या आत सांगायचं, त्या बाईचा मेसेज आला तर त्याच दिवशी तिला दाखवायचा. ही शिक्षा आहे असं समजून करशील तर महिन्याभरात वैतागशील.

भांडण चढलं की तू उठून बाहेर जातोस, असं सूनबाई आईला म्हणाली. तुझाही तोल जात असेल, मान्य. नाडी शंभराच्या वर गेली की माणसाला समोरचं नीट ऐकूच येत नाही, असं गॉटमन सांगतात, आणि निदान वीस मिनिटं थांबायला सांगतात. तेव्हा थांब, पण न बोलता जाऊ नकोस. "अर्ध्या तासात येतो" म्हण आणि अर्ध्या तासात ये. तू काही न सांगता बाहेर पडलास की तिच्या डोक्यात काय येत असेल, याचा विचार कर.

आणखी एक. तिने राहायचं अजून ठरवलेलं नाही. तू "संसार वाचवायचाय" म्हणून जातोस, ती "बघू" म्हणून येते. अशा जोडप्यांसाठी विल्यम डोहर्टी या अमेरिकन थेरपिस्टनी आधी फक्त निर्णयापुरतं, जास्तीत जास्त पाच सेशनचं वेगळं समुपदेशन सुचवलं आहे. त्यात जोडी जुळवायचा आग्रह नसतो. थेरपी घ्यायची, वेगळं व्हायचं, की तूर्त आहे तसंच ठेवायचं, एवढं दोघांना स्पष्ट करून घेता येतं. समुपदेशकांना विचार. तिने जायचं ठरवलं तर तिला अडवू नकोस, आणि आम्हाला मध्ये घालून तिच्यावर दबाव आणू नकोस. आम्ही तसं करणार नाही.

आमचं पूर्ववत झालं का, असं विचारशील. पूर्वीचं गेलं ते गेलंच. हे आम्ही नव्याने उभं केलेलं आहे. गेल्या महिन्यात रात्री अकराला माझा फोन वाजला. आईने पुस्तकातून नजर वर केली. तिने विचारायच्या आत मी सांगितलं, कोण आहे ते. तिने पान उलटलं.

गुरुवारच्या सेशनला जा.

तुझे
बाबा

ता.क. बाळा, मी आई. खाली जागा होती म्हणून लिहिते. त्या चार महिन्यांत मी प्रश्न विचारणं बंद केलं, तेव्हा तुझ्या बाबांना वाटलं, निवळलं. त्याच दिवसांत मी वकिलाकडे जाऊन आले होते.