दोष लसीचा की टोचणाऱ्या हाताचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लस टोचल्यावर गाई दूध कमी देतात, मानेला गाठी येतात, म्हणून आम्ही आता लस टोचूनच घेत नाही, असे सांगणाऱ्या पशुपालकांचे म्हणणे आपल्या अंकात वाचले. तक्रार खोटी नाही. गाठी मीही पाहिल्या आहेत. पण गोठ्यात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, बाटलीची चौकशी करण्याआधी सुईची करावी आणि सुईच्याही आधी ती धरणाऱ्या हाताची.

हे मी बाहेरून बोलत नाही. माझ्याच हाताने एक कालवड लंगडी झाली आहे. सात-आठ महिन्यांची, अंगाने बारीक. ताप होता. पहिले इंजेक्शन डॉक्टरांनी मानेत दिले आणि उरलेली दोन 'तुम्हीच द्या' म्हणून माझ्या हवाली केली. संध्याकाळी मान धरायला दुसरे कोणी नव्हते. मी मागून गेलो आणि पुठ्ठ्यात, म्हणजे कुल्ल्यावर, सुई खुपसून मोकळा झालो. सकाळी पाहतो तर मागचा उजवा पाय टाकताना खूर मागे दुमडतोय आणि ती पायाची पुढची बाजू जमिनीला घासत चालतेय. वासराच्या पुठ्ठ्यावर मांस बेताचेच असते आणि पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू तिथूनच खाली उतरतो. औषध उत्तम होते, ताप उतरलाही. पाय मात्र पुरता सुधारला नाही. गोठ्यात येणाऱ्याला मी बरेच दिवस 'घसरून पडली' असे सांगत होतो.

म्हणून जागेबद्दल आधी सांगतो. इंजेक्शन मानेतच द्यावे. खांद्याच्या पुढे, मानेच्या वरच्या जाड दोरीसारख्या पट्ट्याच्या खाली आणि मणक्यांच्या वर हाताचा तळवा मावेल एवढा एक त्रिकोण सापडतो, तीच जागा. तिथे गाठ आली, पू झाला तरी दिसतो आणि उपाय करता येतो. पुठ्ठ्यात खोलवर पू धरला तर कित्येक दिवस पत्ताच लागत नाही. स्नायूत द्यायचे औषध असेल तर सुई सरळ आत जावी. कातडीखाली द्यायचे असेल तर चिमटीत कातडी उचलून, तिचा तंबू करून, तिरपी सुई त्या पोकळीत सरकवावी. औषध कुठल्या वाटेने द्यायचे ते बाटलीवर छापलेले असते. ते वाचायला चष्मा लागतो एवढीच काय ती अडचण.

सुईच्या बाबतीत आपण जो कंजूषपणा करतो त्याला तोड नाही. हजारोंची गाय आणि सुई मात्र मागच्या वेळचीच! मोठ्या जनावराला स्नायूत द्यायला 16 किंवा 18 गेजची, एक ते दीड इंच लांबीची सुई लागते (आकडा जितका लहान तितकी सुई जाड, हे कित्येकांना उलटे वाटते). कातडीखाली द्यायला अर्धा-पाऊण इंच पुरते. वाकडी झालेली सुई दगडावर ठोकून सरळ करणारे मी पाहिले आहेत. अशी सुई मोडते ती मांसात, आणि मग तो तुकडा शोधत बसा. कळप मोठा असेल तर दहा-पंधरा जनावरांमागे सुई बदलावी असे सांगतात. माझ्या मते दर जनावराला नवी घ्यावी, कारण रक्तातून पसरणारे गोचीड तापासारखे रोग सुईलाही गोचीडच समजतात. आणि एकदा जनावरात गेलेली सुई पुन्हा बाटलीच्या बुचात घालू नये. उरलेली सगळी बाटली तिथेच बाटते.

आता गाठींविषयी. तेलकट (तेलात मिसळलेली) लस टोचल्यावर सुपारीएवढी टणक गाठ येणे आणि काही आठवड्यांत ती जिरणे यात घाबरण्यासारखे काही नाही. एक-दोन दिवस अंग कोमट लागते, धार थोडी कमी होते, तेही चालायचेच. हात लावताच जनावर मान झटकते, गाठ गरम आणि मऊ लागते, तेव्हा समजावे की सुईबरोबर शेणमातीही आत गेली आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक वाईट गाठी या दुसऱ्या जातीच्या होत्या, आणि त्यांचे खापर फुटले ते लसीच्या माथ्यावर.

'लस टोचूनही लाळ्या खुरकूत आलाच' ही दुसरी तक्रार. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. टोचणारा माणूस ती शर्टाच्या खिशात घालून दुपारभर फिरला असेल तर जनावराला नुसते पाणी टोचले म्हणा. बर्फाला चिकटून गोठलेली लसही तितकीच वाया जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जिवंत विषाणूची लस पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी, आणि तिची सिरिंज स्पिरिटने धुऊ नये. आपण धुतो जंतू मारायला आणि मारतो लस. शिवाय टोचले त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. दोन-तीन आठवडे जावे लागतात, पहिल्यांदाच टोचलेल्या जनावराला तर बूस्टर, म्हणजे पुन्हा एक डोसही लागतो. शेजारच्या गोठ्यात रोग शिरल्यावर धावपळ करून टोचलेली लस हरणारच.

लसीवर विश्वास नाही म्हणणाऱ्यांना मी बुळकांडीचे नाव विचारतो. तरुणांना ते माहीतच नसते. ज्या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे केले, तो 2011 मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला तो दुसराच रोग. वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यकांनी तयार केलेल्या लसीचा त्यात मोठा वाटा होता, आणि पुढे उन्हातही टिकणारा तिचा प्रकार निघाला तेव्हा बर्फ न पोहोचणाऱ्या मुलखातही काम झाले. म्हणजे तिथेही गाडी बर्फापाशीच अडली होती.

जनावर नीट जखडल्याशिवाय सुई बाहेर काढू नये, हे मी जनावरापेक्षा माणसासाठी सांगतो. खोडा नसेल तर निदान म्होरकी धरून डोके खांबाला आवळावे. गाय झटका देते आणि सुई आपल्याच बोटात जाते. तेलकट लस बोटात शिरली तर वरून टिपक्याएवढी जखम दिसते, आत मात्र रक्तपुरवठा तुटून बोट जाऊ शकते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये, बाटली हातात घेऊन लगेच दवाखाना गाठावा. सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिसची) जिवंत लस माणसालाही रोग देते. टिल्मिकोसिन नावाचे प्रतिजैविक माणसाच्या अंगात गेले तर हृदय बंद पाडू शकते. ही दोन्ही कामे घरच्या माणसाने करूच नयेत. दुग्धज्वरात (व्यायल्यावर कॅल्शियम घटून गाय आडवी पडते तेव्हा) शिरेतून द्यायचे कॅल्शियमही तसेच. घाईने सोडले तर आडवी पडलेली गाय उठण्याऐवजी कायमची जाते.

आणि दुधाचे काय? प्रतिजैविक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही, हे बाटलीवर लिहिलेले असते. कोणत्या गाईला, कधी, काय दिले याची वही माझ्या गोठ्यात त्या कालवडीनंतर सुरू झाली. दाराच्या खिळ्याला दोरीने टांगलेली असते, पानांना शेणाचे डाग आहेत, पण तारखा वाचता येतात.

संपादक महाराज, लसीकरणाच्या बातमीत आपण किती हजार जनावरांना लस टोचली तो आकडा छापता. पुढच्या वेळी बातमीदाराला आणखी दोन आकडे विचारायला सांगा: त्या दिवशी सुया किती लागल्या, आणि दुपारी दोन वाजता लसीच्या पेटीत बर्फ किती शिल्लक होता.

आपला,
एक पशुपालक