झाडांवरच्या वाटेत भेटलेल्या अनोळखी मंडळींचे आभार

गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब ठाण्यातील येऊरच्या पायथ्याशी असलेल्या साहस उद्यानात गेलो होतो, जेथे झाडाझाडांमध्ये बांधलेल्या दोरांवरून आणि फळ्यांवरून चालत जायचे असते. तेथे ज्यांनी आम्हाला मदत केली त्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

आमची मुलगी झुलत्या फळ्यांच्या मध्यावर थबकली आणि तिला पुढे जाता येईना की मागे फिरता येईना. खालून आम्ही सारे ‘घाबरू नकोस’ एवढेच ओरडत होतो, ज्याचा उपयोग शून्य. तिच्या मागून येणाऱ्या तरुणाने मात्र स्वतःचा खोळंबा विसरून तिच्या कमरपट्ट्याच्या दोन्ही कड्या डोक्यावरील पोलादी तारेत अडकलेल्या असल्याचे तिला दाखवले. झाडापाशी तार बदलताना एक कडी नव्या तारेत बसल्याखेरीज दुसरी काढायची नसते, त्यामुळे माणूस कोणत्याही क्षणी सुटा राहत नाही, हे त्याने इतक्या शांतपणे समजावले की ती आपल्या पायांनी पुढच्या मचाणापर्यंत पोहोचली. मचाणावर तिचे हेल्मेट नीट बसवून देणाऱ्या तेथील मदतनीस ताईंचेही आम्ही ऋणी आहोत.

सासूबाईंना आपल्या सतरंजीवर आग्रहाने बसवून कोकम सरबत देणाऱ्या काकूंचे, आणि तेथे विसरलेला चष्मा वाहनतळापर्यंत धावत आणून देणाऱ्या त्यांच्या नातवाचे मनःपूर्वक आभार.