घोड्याची रात्र आधी घरी होऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला घोड्यासह कॅम्पिंगला जाण्याविषयीचा लेख दोनदा वाचला. पायवाटा, खोगीर, तंबूची जागा, सकाळची रपेट हे सगळं त्यात आवडीने लिहिलं आहे. मात्र दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंतचे तास एका ओळीत उरकले आहेत. घोडा झाडाला बांधावा आणि निवांत बसावं, एवढंच. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

गेली नऊ वर्षं मी माझ्या कुमेत घोडीला घेऊन ट्रेल रायडिंगच्या, म्हणजे रानवाटांवरच्या रपेटीच्या, मुक्कामांना जाते. तिचं नाव चांदणी, कपाळावर पांढरी टिकली आहे म्हणून. पहिल्या मुक्कामाला तिला मोकळेपणी चरता यावं म्हणून मी चांगला पंधरा फुटी दोर दिला आणि दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला बांधलं. रात्री दोनच्या सुमारास धपधप आवाज ऐकू आला. टॉर्च घेऊन धावले तर तिचा मागचा उजवा पाय दोरात अडकला होता. खुराच्या वर मागच्या बाजूला जो खोलगट भाग असतो, तिथे दोर रुतला होता आणि ती पाय झटकत मागे रेटत होती. प्रत्येक झटक्यासरशी दोर आणखी आत जात होता. गाठ मीच मारलेली, पण ती निरगाठ, आणि दवाने दोर भिजलेला. सुटेना. शेवटी शेजारच्या तंबूतल्या माणसाने चाकू आणून दोर कापला. सकाळी जखम पाहिली तर भाजल्यासारखी दिसत होती, आणि खरोखरच ती भाजल्याची होती, कारण दोराच्या घर्षणाने कातडी जळते. पुढचे तीन आठवडे रोज धुणं, मलम आणि पट्टी. ती पाय उचलून द्यायची आणि डोकं वळवून माझ्याकडे बघायची, ते मी विसरलेले नाही.

पुढच्या खेपेला दोर आखूड ठेवला, बुंध्याच्या अगदी जवळ. रात्र शांत गेली. उजाडल्यावर मात्र झाडाकडे बघवेना. कंटाळून तिने खुराने माती उकरली होती, मुळं उघडी पडली होती आणि कमरेएवढ्या उंचीवर साल सोलून काढली होती. त्या कॅम्पची देखभाल करणारे वयस्कर गृहस्थ आले. रागावले नाहीत. गुडघ्यावर बसले, सालीच्या आतला ओला पदर नखाने दाखवला आणि म्हणाले, पानांनी तयार केलेलं अन्न याच पदरातून मुळांकडे जातं, चहूबाजूंनी साल गेली की मुळं उपाशी राहतात आणि झाड वाळतं. हे एका घोड्याचं एका रात्रीचं काम होतं. तिथे तर दर शनिवारी-रविवारी घोडे येतात.

त्यांनीच मला हायलाइन शिकवली. आपल्या भाषेत उंचावरची दावण म्हणता येईल. दोन मजबूत झाडांना रुंद पट्टे गुंडाळायचे, म्हणजे दोर सालीत काचत नाही. त्या पट्ट्यांमध्ये घोड्याच्या डोक्याहून उंच, जमिनीपासून सात-आठ फुटांवर, दोर ताणून बांधायचा. जितका ताणता येईल तितका ताणायचा, कारण रात्री तो थोडा सैल पडतोच. घोडा या दोराच्या मधल्या भागात बांधायचा, दोन्ही बुंध्यांपासून किमान सात-आठ फूट लांब, म्हणजे ना मुळं उकरता येत ना साल खाता येते. त्यासाठी या दोरावरून दुसरा दोर खाली सोडायचा; त्याच्या टोकाची, मोरखीत (घोड्याच्या तोंडाभोवतीच्या पट्ट्यात) अडकवायची कडी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर लोंबली पाहिजे. त्याहून लांब दोर सोडला की पाय अडकलाच समजा, आणि फार आखूड केला तर घोड्याला मान खाली नेता येत नाही. तासन्‌तास मान वर राहिली तर नाकातली धूळ आणि स्राव खाली गळत नाहीत आणि छातीचे आजार होऊ शकतात. दोरात भोवऱ्यासारखी फिरणारी कडी हवी, नाहीतर घोडा फिरत राहतो आणि दोराला पीळ बसतो. आणि गाठ सुरगाठच. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, अंधारात, थंडीने बोटं बधिर झालेली असतानाही. मी डोळे मिटून ती गाठ शंभर वेळा बांधली-सोडली असेन.

पण हायलाइन नीट बांधली म्हणजे झालं असं नाही, आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. घोडा कळपातलं जनावर. अनोळखी जागा, अनोळखी वास, उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यात डोक्यावर कधी न पाहिलेला दोर. उभ्याउभ्या डुलकी त्याला काढता येते, तशी त्याच्या पायांची रचनाच आहे. गाढ झोप मात्र आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि भीती वाटत असेल तर तो आडवा होत नाही. म्हणून पहिली रात्र घरी काढायची. मी चांदणीला अंगणात हायलाइनवर आधी एक तास ठेवलं, मग अर्धी रात्र, मग पूर्ण रात्र, आणि मी शेजारी खाट टाकून. तिसऱ्या रात्री तिने एक मागचा पाय सैल सोडला, खालचा ओठ लोंबला, तेव्हा मला कळलं की आता हिला नेता येईल. दोन रात्रींहून जास्त मुक्काम असेल तर मी कुंपणाचा कॉरल, म्हणजे घोडा मोकळा सोडता येईल असा वाडा, असलेली जागाच मागते, कारण दावणीवर तिला मोकळेपणी कुशीवर पडता येत नाही.

खाण्यापिण्याचंही तेच. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुकं गवत आणि साधारण पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हात चालल्यावर त्याहून जास्त. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं. वैरण एकदम बदलली की पोटशूळ उठू शकतो, आणि तो जीवही घेऊ शकतो. गवत घरचंच न्यायचं किंवा आठवडाभर आधीपासून नवं गवत थोडंथोडं मिसळायचं. बादलीही घरचीच. काही घोडे अनोळखी चवीच्या पाण्याला तोंड लावत नाहीत, आणि सामाईक हौदातून स्ट्रँगल्ससारखा (घोड्यांच्या घशाच्या गाठी सुजवणारा) संसर्ग पसरतो. झोपण्यापूर्वी मी तिच्या बरगड्यांमागे कान लावते. पोटातली गुडगुड ऐकू आली की बरं वाटतं, शांतता असली की मी झोपत नाही. मग हिरडीवर अंगठा दाबून सोडते, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा.

गवताबद्दल आणखी एक गोष्ट. तणाचं बी घोड्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं आणि लिदीबरोबर जंगलात रुजतं. अमेरिकेतल्या अनेक राष्ट्रीय वनांमध्ये तणमुक्त म्हणून प्रमाणित केलेलंच गवत नेऊ देतात, ते याच कारणाने. निघण्याच्या दोन-चार दिवस आधीपासून तसं गवत सुरू केलं तरच त्याचा उपयोग, कारण पोटातलं आधीचं बाहेर पडायला तेवढे दिवस लागतात. लीद ठरलेल्या खड्ड्यात टाकावी, आणि दावण झऱ्यापासून साठ मीटर तरी दूर असावी.

घोड्यांना प्रवेश देणारे कॅम्प चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक जागेवर दोन पक्के खांब रोवून द्या. झाडं वाचतील आणि पहिल्यांदा येणाऱ्याला कुठे बांधू असा प्रश्न पडणार नाही. ज्या कॅम्पवर मी असे खांब पाहिले तिथल्या झाडांच्या साली शाबूत होत्या.

शेवटी लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. त्यात घोडा लगामाने झाडाच्या फांदीला बांधलेला दिसतो. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात असते. तो दचकून मागे सरला तर जीभ फाटू शकते, जबड्याला इजा होऊ शकते. लगाम काढून मोरखी आणि दोर, बांधायचं असेल तर एवढंच. नवा वाचक लेखातल्या शब्दांपेक्षा चित्र आधी पाहतो आणि तसंच करतो. चांदणी हायलाइनवर उभी असलेलं, दोराची उंची आणि गाठ स्पष्ट दिसणारं छायाचित्र माझ्याकडे आहे. आपण सांगाल त्या दिवशी पाठवते. पुढच्या पुरवणीत तेवढं छापावं.

आपली,
एक वाचक