सतरा वर्षांच्या पोरापुढे आधी भिंत उभी करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघात दाखल झालेल्या ब्राइस अंडरवूड या मुलाला किती डॉलर मिळणार, याची बातमी आपल्या क्रीडा पानावर आली होती. कोल्हापूरहून धाकट्या भावाने तिच्या कात्रणाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे तुमच्याच गावचं पोरगं ना?" तसं म्हणायला हरकत नाही. पोरगं बेलव्हिलचं. मी कँटनला राहतो, तिथून बेलव्हिल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि विद्यापीठाचं ॲन आर्बर अर्ध्या तासाच्या आत. बातमीत रकमेचा आकडा ठळक होता. पण ज्या संघात हा मुलगा चाललाय त्याचा ऑफेन्स (चढाई करून गुण मिळवणारी फळी) गेल्या, म्हणजे 2024 च्या हंगामात का कोलमडला आणि आता स्प्रिंग प्रॅक्टिसमध्ये (वसंतातल्या सरावात) काय दुरुस्त व्हायला हवं, यावर एक ओळही नव्हती. माझ्या जिवाला लागलेला विषय आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या पेठापेठांतल्या तालमी शाहू स्टेडियमवर खेळतात तो फुटबॉल वेगळा, हा वेगळा. इथे बॉल हातात असतो आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. बॉल घेऊन पळा, नाहीतर क्वार्टरबॅक लांब फेकेल तो झेला. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी ओळीने उभे असतात. त्यांना म्हणतात ऑफेन्सिव्ह लाइन. मधला गडी बॉल मागे क्वार्टरबॅककडे देतो तेवढंच, बाकीचे चौघे बॉलला जवळजवळ कधीच हात लावत नाहीत. समोरून अंगावर येणाऱ्याला तीन-चार सेकंद थोपवून धरणं हेच त्यांचं काम, आणि तेवढ्या वेळात मागे जे घडतं त्यालाच लोक खेळ समजतात.

माझा मुलगा शाळेच्या संघात लेफ्ट गार्ड आहे, म्हणजे त्या पाचांतला एक. सामना संपवून घरी येतो तेव्हा बोटांना पांढरी टेप गुंडाळलेली असते. ती सोडली की सांध्यांवरचं कातडं सोललेलं दिसतं. आई इथे आली होती तेव्हा रोज रात्री त्यावर हळद लावायची आणि मला रागवायची. एकदा मी त्याला विचारलं, बॉल तर तुझ्या पाठीमागे असतो, मग पुढे काय झालं ते तुला कळतं कसं? तो म्हणाला, "बाबा, लोक ओरडतात ना, त्यावरून." तेव्हापासून मी सामना बघताना बॉलकडे कमी आणि त्या पाचांकडे जास्त बघतो.

मिशिगनची गोष्टही तिथूनच सुरू होते. 2023 च्या हंगामात या संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि 8 जानेवारी 2024 ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला 34-13 ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या वर्षी सामन्यामागे जवळपास 36 गुण व्हायचे. क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीने 22 टचडाऊन पास (बॉल शेवटच्या रेघेपलीकडे पोचवून गुण मिळवून देणारे) टाकले आणि त्याचे चारच पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. वाहवा त्याची झाली आणि बॉल घेऊन पळणाऱ्या ब्लेक कोरमची झाली, आणि ती योग्यच होती. पण मला आठवतो तो 25 नोव्हेंबरचा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना. उजवा गार्ड झॅक झिंटर पाय मोडून पडला. त्याला गाडीवरून बाहेर नेलं तेव्हा एक लाखाहून जास्त माणसांचं मैदान चिडीचूप झालं होतं. आणि पुढच्याच खेळीत कोरम 22 यार्ड पळत थेट टचडाऊनला पोचला. वाट कोणी मोकळी केली? झिंटरच्या शेजारी रोज घाम गाळणाऱ्यांनी.

हंगाम संपल्यावर प्रशिक्षक जिम हार्बो लॉस एंजेलिसच्या चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. मॅकार्थी गेला, कोरम गेला. या सगळ्यावर इथल्या वर्तमानपत्रांनी रकाने भरून लिहिलं. लाइनवरचे नियमित पाचही जण एकाच वेळी गेले, याचा उल्लेख मात्र ओझरता झाला. तालमीतले सगळे तयार मल्ल एका दिवसात निघून जावेत आणि उरलेल्या पोरांना थेट मैदानात उतरवावं, तसं ते होतं. माझ्या मते 2024 च्या घसरणीचं मूळ इथे आहे. क्वार्टरबॅकचा दुष्काळ त्याच्या जोडीला आला.

2024 मध्ये 13 सामन्यांत 286 गुण झाले, म्हणजे सामन्याला 22. पासमधून सामन्यामागे 130 यार्डसुद्धा मिळाले नाहीत. देशातल्या सर्वोच्च विभागात सव्वाशेहून जास्त संघ आहेत, त्यांत हा आकडा जवळजवळ तळाचा. डेव्हिस वॉरन, ॲलेक्स ऑर्जी, जॅक टटल असे तीन क्वार्टरबॅक आलटून पालटून खेळवले. वॉरनचे टचडाऊन पास सात आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले नऊ. त्याला मी दोष देणार नाही. शाळेत असताना ल्युकेमियाशी झुंज देऊन उठलेला, शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला मुलगा आहे तो, आणि जे त्याच्याकडे होतं ते सगळं त्याने दिलं. वर्षाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला.

21 सप्टेंबरचा यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धचा सामना मी मुलाबरोबर स्टेडियममध्ये बसून पाहिला. ऑर्जीने अख्ख्या सामन्यात फेकून मिळवलेले यार्ड किती, तर 32! तरी आम्ही 27-24 ने जिंकलो, कारण केलेल मलिंग्ज नावाचा बैलासारख्या छातीचा गडी शेवटच्या क्षणांपर्यंत पळत राहिला आणि 37 सेकंद बाकी असताना अखेरच्या प्रयत्नात रेघेपलीकडे घुसला. आम्ही ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पण तिसऱ्या सत्रापासून माझा मुलगा कानाशी एकच सांगत होता, "बाबा, बघा, आठ जण पुढे आलेत." समोरच्यांना कळून चुकलं होतं की इथून पास येणार नाही. मागे राखणीला ठेवायचे गडीही ते लाइनसमोर आणून उभे करत होते. पाच जणांनी आठ जण अडवायचे कसे? टाइट एन्ड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही गडी) मदतीला घ्या, आणखी एक ब्लॉकर घ्या, तरी एक जण मोकळा राहतोच. पास नसला की पळायची वाट बंद होते, आणि पळायची वाट बंद झाली की पास टाकायला लागणारी उसंतही मिळत नाही.

30 नोव्हेंबरला ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर 13-10 ने हरवलं. त्या दिवशीही पासचे यार्ड 62 च होते. वर्षाअखेर टॅम्पामध्ये अलाबामाला 19-13 ने हरवलं. दोन्ही विजय डिफेन्सने (बचावाच्या फळीने) खेचून आणले आणि आमच्या घरी दोन्ही दिवशी श्रीखंड झालं. पण त्या आनंदात दुखणं झाकलं गेलं, हेही खरं. आठ विजय, पाच पराभव. इलिनॉयविरुद्ध सात गुण, इंडियानाविरुद्ध पंधरा. एवढ्यावर प्रत्येक वेळी डिफेन्सने किती तारून न्यायचं?

आता 2025 च्या हंगामासाठी नवे ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर (ऑफेन्सचे डावपेच ठरवणारे प्रशिक्षक) आले आहेत चिप लिंडसे. नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी ड्रेक मे या क्वार्टरबॅकला 2023 मध्ये घडवलं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याच हाताखाली ओमारियन हॅम्प्टन 1,660 यार्ड पळाला. पास आणि पळणं दोन्ही सांभाळणारा माणूस आहे, निवड मला पटली. मुख्य प्रशिक्षक शेरॉन मूर स्वतः लाइनचे वस्ताद. 2021 आणि 2022, लागोपाठ दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम लाइनचा पुरस्कार त्यांच्या पोरांनी मिळवला. त्यांना मी लाइनचं महत्त्व सांगायची गरज नाही. पण अंडरवूडच्या नावाचा जो गजर चाललाय त्यात हे काम मागे पडेल, ही माझी भीती आहे.

स्प्रिंग प्रॅक्टिसला नियमाने 15 च दिवस मिळतात. बाहेरच्या संघाशी सामना नाही, गुणफलक नाही, नुसती मेहनत. कुस्तीचा हंगाम नसतो तेव्हा आपल्याकडे पोरं जोर-बैठका काढतात आणि वस्ताद एकच डाव शंभर वेळा करून घेतो, त्यातलाच हा प्रकार. या पंधरा दिवसांत पहिला निकाल लागायला हवा तो लाइनच्या डाव्या बाजूचा. मायल्स हिंटन आणि जॉश प्रीबी गेल्यामुळे डावा टॅकल (लाइनच्या टोकाचा गडी) आणि डावा गार्ड (त्याच्या आतल्या बाजूचा) या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला की त्याची पाठ डावीकडे होते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. ती जागा ऑगस्टपर्यंत अधांतरी ठेवणं म्हणजे मुलाला पाठीवर वार झेलायला उभं करणं. ग्रेग क्रिपेन आणि जिओव्हानी एल-हादी हे मध्याजवळचे अनुभवी गडी आहेत, त्यांच्याभोवती बाकीचे ठरवा, आणि एकदा ठरवले की रोज बदलू नका. शेजारच्याचा खांदा कधी वळणार हे न बघता कळायला लागेपर्यंत या पाचांना एकत्रच राबवलं पाहिजे.

पळणाऱ्यांची मला चिंता नाही. अलाबामाहून जस्टिस हेन्स आलाय आणि जॉर्डन मार्शलने पहिल्याच वर्षी अलाबामाविरुद्ध 100 यार्ड काढून दाखवलेत. झेलणाऱ्यांची आहे. टाइट एन्ड कोल्स्टन लव्हलँडने दुखापती सांभाळत 56 झेल घेतले, दुसरा कोणी त्याच्या आसपासही नव्हता, आणि तो आता एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वाटेवर आहे. इंडियानाहून आलेला डॉनव्हन मॅकली उंचापुरा आहे, त्याचा आणि क्वार्टरबॅकचा ताल या वसंतातच जुळला पाहिजे.

आता अंडरवूड. अजून अठरा पूर्ण नाहीत. बेलव्हिलच्या शाळेला त्याने 2021 आणि 2022 असं दोनदा राज्य विजेतेपद मिळवून दिलं. एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) दिलेला शब्द बदलून नोव्हेंबरमध्ये तो इकडे वळला. त्याचा हात असामान्य आहे, मी शाळेच्या मैदानावर जाळीला टेकून पाहिलाय. बॉल हवेत शिट्टीसारखा वाजत जातो. माझं म्हणणं एवढंच की एप्रिलमध्ये त्याला पहिल्या क्रमांकाचा जाहीर करू नका. फ्रेस्नो स्टेटहून मायकी कीन आलाय. गेल्या वर्षी 31 ऑगस्टला मिशिगनच्याच मैदानावर तो प्रतिस्पर्धी म्हणून खेळला होता. मोठ्या हंगामांचा अनुभव गाठीशी आहे, त्याला खरीखुरी स्पर्धा करू द्या. आणि अंडरवूडला सरावात दुसऱ्या फळीच्या लाइनमागे ढकलू नका. कच्च्या लाइनमागे शिकणारा मुलगा पहिली गोष्ट शिकतो ती जीव वाचवायची. लांब धावणाऱ्या साथीदाराकडे बघायचं सोडून अंगावर येणाऱ्याकडे बघायची सवय लागते, आणि ती मोडायला वर्ष जातं. माझ्या मुलाच्या शाळेतला एक गुणी क्वार्टरबॅक असा डोळ्यांदेखत बिघडलेला मी पाहिलाय. दोन वर्षं मार खाऊन त्याने खेळ सोडला, तेव्हा माझा मुलगा रात्रभर एकच म्हणत होता, "आम्ही त्याला वाचवायला हवं होतं."

30 ऑगस्टला न्यू मेक्सिकोविरुद्ध हंगाम सुरू होईल आणि 6 सप्टेंबरला लगेच ओक्लाहोमाच्या मैदानावर जायचंय. तिथला गोंगाट ज्याने अनुभवलाय त्यालाच माहीत. आपल्या इशाऱ्याचा आवाज लाइनला ऐकू जात नाही, सगळं पायांच्या आणि खांद्यांच्या सवयीवर चालतं. ती सवय सप्टेंबरमध्ये लावता येत नाही.

19 एप्रिलला स्प्रिंग गेम, म्हणजे संघातल्याच गड्यांचा आपसातला सरावसामना आहे. आम्ही बापलेक जाणार आहोत. तिथे लेफ्ट टॅकलला कोण उभा राहिला ते मी आपल्याला कळवीन. रकमेच्या बातमीला दिलीत तेवढी जागा त्याच्या नावालाही द्यावी, ही विनंती.

आपला वाचक,
मूळचा शिवाजी पेठ, कोल्हापूर. सध्या कँटन, मिशिगन
मार्च 2025